भारी जोड

“हलका का भारी?” अण्णांनी विचारलं.

टेबलावर जुना पेपर अंथरला होता आणि त्यावर दोन जोड मांडले होते. एका जोडात दोन वस्तू. नाश्त्याच्या ताटलीएवढं एक दातेरी चक्र, ते क्राउन, आणि मुठीएवढा एक दातेरी शंकू, तो पिनियन. दोघांवर एकच नंबर ठोकलेला. हे दोघं कारखान्यात एकमेकांवर घासून घासून बसवलेले असतात, त्यामुळे एकाला सोडून दुसरा कुणी विकत नाही आणि विकला तरी कुणी घेत नाही. म्हणून जोड. शेजारच्या जोडातही ह्याच दोन वस्तू होत्या. मला दिसलेला फरक एवढाच, की डावीकडच्या जोडाला ग्रीस जास्त लागलं होतं.

“घाई न्हाई सर,” अण्णा म्हणाले. “इचार करून सांगा.”

अण्णा म्हणजे आनंदराव इंगवले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं गिअर कापायचं वर्कशॉप होतं. मागच्या रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलीला, संयोगिताला, मागणी घातली होती. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, “गाडीचं काम काढलंय. तेवढं हुंदे, मग बघू.” ह्या रविवारी निरोप आला तो घरी यायचा नव्हता, वर्कशॉपवर यायचा होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि आत शिरल्या शिरल्या त्याला काळं लागलं.

गाडी म्हणजे एक जुनी फियाट. बाहेरून ती कुणाही डॉक्टरची वाटावी अशी पांढरी आणि सोज्वळ होती. आत अण्णांनी कुठल्याशा जपानी गाडीचं इंजिन बसवलं होतं, आणि त्याचंही अंतरंग बदलून ठेवलं होतं. त्या वेळी ती चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. मागचा ॲक्सल उघडा होता. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवणारा जोड त्यात बसायचा होता, आणि तो कुठला हे मी सांगायचं होतं.

टेबलापलीकडे धैर्यशील हाताची घडी घालून उभा होता. धैर्यशील हा अण्णांच्या बहिणीचा मुलगा. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, कारण ज्याबद्दल शंका नाही ते कोण कशाला बोलेल? त्याला हा प्रश्न माझ्याआधी विचारून झाला होता. त्यानं “हलका” असं उत्तर दिलं होतं. ते मला माहीत नव्हतं.

संयोगिता खिडकीपाशी होती. ती मेकॅनिकल इंजिनिअर. आमच्या कॉलेजचा जनरेटर बंद पडला तेव्हा तो बघायला इंगवल्यांच्या वर्कशॉपमधून ती आली होती. जनरेटर तासाभरात सुरू झाला, बाकीचं सुरू व्हायला दोन महिने लागले. आत्ता ती माझ्याकडे टक लावून बघत होती आणि मान अगदी किंचित हलवत होती. कुठल्या बाजूला, ते मला कळेना.

मी मूळचा ठाण्याचा. अर्थशास्त्र शिकवायला कोल्हापुरात येऊन वर्ष व्हायचं होतं. तेवढ्या काळात एक शब्द मात्र मी पक्का शिकलो होतो. कोल्हापुरात चांगल्या गोष्टीला चांगली म्हणत नाहीत, भारी म्हणतात. मिसळ भारी, पैलवान भारी, शेजारच्या आजोबांच्या तेराव्याचं जेवणसुद्धा लय भारी झालं होतं. आणि हलका म्हणजे काय हे मला ठाण्यापासूनच माहीत होतं. हलका माल. हलक्या प्रतीचा. तेव्हा एवढ्या माणसांसमोर मला असा प्रश्न विचारावा याचा थोडा अपमानच वाटला. मुलीचा बाप विचारतोय, गाडीत चांगलं सामान घालू का टाकाऊ?

“भारीच की,” मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. “हलका कशाला घालायचा? कोण सांगतं असलं?”

मागे मिस्त्री कानस चालवत होता, ती थांबली.

“मी सांगितलं,” धैर्यशील म्हणाला.

“सरांना बोलू दे,” अण्णा म्हणाले. “भारी. का बरं?”

वर्गात एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की मी जे करायचो तेच केलं. आवाज जरा खाली आणला, चष्मा वर सरकवला आणि कुठेही लागू पडेल असं वाक्य सोडलं.

“नेहमी लांबचा विचार करावा.”

अर्थशास्त्रात ह्या वाक्यानं आजवर कुणाचं नुकसान झालेलं नाही. तिथे मात्र अण्णांचा चेहरा एकदम बंद झाला. संयोगितानं मान हलवायचं थांबवलं आणि डोळे मिटले.

“लांबचा,” अण्णा म्हणाले. “किती लांबचा?”

“जेवढा... जमेल तेवढा.”

“मामा, पहिली फेरी पन्हाळ्याची, नि त्या चढाला भारी जोड?” धैर्यशील हसला. “सर, वर ढकलत न्हेणार काय? आत्ताच माणसं सांगून ठेवतो.”

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी उजवीकडचा जोड उचलला, कमी ग्रीसवाला, आणि मिस्त्रीपुढे ठेवला. “भारी बसवा. येत्या रविवारी पन्हाळा. गाडी सर चालवतील.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वर पोचलो की बोलू आपण. त्या इषयाचं.”

“आणि नाही पोचलो तर?” मी हसत विचारलं.

“मग काय बोलायचं?” अण्णा म्हणाले. ते हसत नव्हते.

नळावर हात धुताना संयोगिता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. साबण माझ्या हातावर आपटला.

“काय बोललास कळलं का तुला?”

“भारी म्हणालो.”

“भारी म्हणजे काय?”

“चांगला.”

तिनं आभाळाकडे बघितलं. “अरे, भारी म्हणजे इंजिनाला भारी. जड! हलका म्हणजे इंजिनाला हलका. हलक्या जोडाला चाक एकदा फिरवायला इंजिन साडेचार वेळा फिरतंय. काम हलकं. गाडी जागेवरनं अशी सुटती, चढ असा चढती. पण हायवेला लागलं की नुसतं बोंबलतंय इंजिन. भारीला पावणेचारच फेरे. हायवेला निवांत, शंभर काय नि एकशेवीस काय. पण जागेवरनं उठायला जीव जातोय. त्यात अण्णांचं इंजिन असलं, की तीन हजार फेऱ्यांच्या खाली ते झोपलेलंच असतंय.”

“म्हणजे मी चुकीचा सांगितला.”

“पन्हाळ्यासाठी चुकीचा. पुण्यासाठी बरोबर.” तिनं आवाज खाली आणला. “आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, लांबचा विचार करा.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. संयोगिताला पुण्याला नोकरी लागली होती. एक तारखेला हजर व्हायचं होतं. अण्णांनी त्यावर हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. घरात त्या विषयावर स्वयंपाकघरातसुद्धा कुजबुजत नव्हते. आणि मी मुलीच्या बापाला त्याच्याच वर्कशॉपमध्ये, त्याच्याच गाडीच्या आडून सांगितलं होतं, की पोरीला घेऊन मी लांब जाणार.

“धैर्या कुठं राहतो माहीत आहे?” ती म्हणाली. “आमच्या मागच्या गल्लीत. त्याला गावातल्या गावात पळवायला हलका जोड पुरतोय.”

“मग मी जाऊन सांगतो, की शब्दाचा घोटाळा झाला.”

“अजिबात नाही! शब्द फिरवलास तर अण्णा दारात उभं करणार नाहीत. आता चालव. मी असतो बाजूला.”

कोल्हापूरच्या मुली ‘मी असतो’ म्हणतात. एरवी ते मला फार गोड वाटायचं. त्या दिवशी ते एखाद्या पैलवानानं दिलेल्या आश्वासनासारखं वाटलं आणि बरं वाटलं.

गाडी चालवायला मी ठाण्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो होतो. तिथे चढ नव्हता. गुरुजींच्या पायाखाली वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता, त्यामुळे माझा परवाना बराचसा त्यांचाच म्हणायला हवा.

रविवारी सकाळी गाडी दारात उभी होती. धैर्यशील पांढराशुभ्र शर्ट घालून आला आणि सवयीनं पुढचं दार उघडू लागला.

“तू मागं, माझ्याजवळ,” अण्णा म्हणाले. “संयू पुढं बसंल.”

“मामा, ती कशाला पुढं?”

“तू चढाला मागं वजन म्हणून लागतोस.”

अण्णा स्वतः मागच्या सीटवर मधोमध बसले, बरोबर ॲक्सलच्या वर. नवा जोड बसवला की पहिल्या फेरीला मालकानं तिथे बसायचं आणि ऐकायचं, ही त्यांची पद्धत होती. गाडी निघण्यापूर्वी त्यांनी मला नियम सांगितला.

“सर, ॲक्सिलेटर दाबला की गाडी ओढती. ओढताना जोडानं आवाज केला तर करू दे, नवीन हाय. पण पाय काढला, गाडी सोडली, की आवाज यायचा न्हाई. सोडताना आवाज करणारा जोड मी ठेवत न्हाई. भंगारात टाकतो.”

“बरं,” मी म्हणालो.

“चला.” आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

सपाटीवर गाडी अशी चालली की मला स्वतःबद्दल गैरसमज झाला. पंचगंगेच्या पुलावरून पुढे केर्लीपर्यंत ती हूं का चूं न करता वाहत होती. डोळे मिटलेला माणूस आरशात दिसत होता. त्याच्या शेजारी धैर्यशील खिडकीबाहेर बघत एका सुरात बोलत होता.

“सपाटीला काय, बैलगाडीबी पळती. मामा, वाघबिळापासनं खरी मजा हाय. क्लचप्लेट घरात शिल्लक हाय न्हवं?”



वाघबिळाला चढ लागला आणि आमच्या दोघांत भांडण सुरू झालं.

“तिसरा टाक,” संयोगिता म्हणाली.

“इंजिन ओरडत नाहीये अजून.”

“ओरडल्यावर टाकतात होय? मरायला लागलंय ते. टाक!”

“सारखं टाक टाक करू नकोस, मी गोंधळतो.”

“तू गोंधळलेलाच आहेस. आता दुसरा. दुसरा! अरे, तो चौथा.”

“तुझा हात काढ गिअरवरून.”

“मग तुझा नीट ठेव.”

आम्ही लग्न ठरलं नसतानाही त्या विषयात बरीच प्रगती केली होती. आरशात अण्णांचे डोळे मिटलेलेच होते. फक्त मान थोडी कलती झाली होती, तबल्याची लय पकडणाऱ्या माणसासारखी. मी मनाशी म्हटलं, जोड आवाज करतोय वाटतं.

बुधवार पेठ मागे पडली. वर तटबंदी दिसायला लागली. शेवटच्या चढाचं तोंड आलं आणि मी हुश्श म्हणणार, तेवढ्यात पुढचा टेम्पो थांबला.

टेम्पोत मंडपाचं सामान होतं. कनातींच्या गुंडाळ्या, वर रंगीत झालरी, आणि पाठीमागून बाहेर आलेले बांबू, त्यांच्या टोकाला लाल फडकं. त्याचं पाणी उकळलं होतं. ड्रायव्हर उतरला, त्यानं चाकाला दगड लावला आणि आम्हाला हातानं खुणावलं, की बाजूनं काढा. बाजूला जागा होती. पण आता आमची गाडीही थांबली होती. माझ्या मागे एसटी येऊन उभी राहिली, इतकी जवळ की आरशात फक्त तिचं नाक दिसत होतं.

“हॅंडब्रेक,” संयोगिता हळू म्हणाली. “पहिला. क्लच सावकाश. गॅस दे. अजून दे. आता सोड.”

सोडला. इंजिन एकदा खोकलं आणि मेलं.

गाडी वीतभर मागे आली. एसटीनं असा भोंगा वाजवला की माझा पाय ब्रेकवर आपोआप गेला.

“पुन्हा,” ती म्हणाली.

पुन्हा. ह्या वेळी मी गॅस जास्त दिला. इंजिन जागं झालं, किंचाळलं, क्लच घसरत राहिला, गाडी जागेवर थरथरली आणि आत एक वास पसरला. जळलेल्या क्लचचा वास एकदा घेतला की विसरत नाही. मग इंजिन पुन्हा मेलं.

“मामा,” धैर्यशील म्हणाला. आता तो हसत नव्हता. “क्लच संपवणार हा माणूस. मी घेतो.”

 अण्णांनी डोळे उघडले, आरशात माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

धैर्यशीलनं दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला. “सरका सर. असल्या चढाला लहानपणापासनं गाडी काढलीया मी. तुमची लाज निघायच्या आत वर न्हेतो.”

माझ्या हातांना स्टिअरिंग चिकटलं होतं.  वर तट अगदी जवळ होता. मला एवढंच कळत होतं, की वर पोचलो तर विषय निघणार, आणि ह्या जागेवरून मी उठलो तर तो इथेच संपला. धैर्यशील वर घेऊन गेला, तर तो वेगळाच विषय निघणार. तिसऱ्यांदा चावी फिरवली. इंजिन लागलं. मागे एसटी, पुढे बांबू, शेजारी ती. ती काही सांगायची थांबली होती. बहुधा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी क्लच अर्धा सोडला. गाडी थरथरली. वास पुन्हा आला. आणखी एकदा केलं असतं तर कदाचित निघाली असती, कदाचित एसटीत शिरली असती. मी इंजिन बंद केलं, हॅंडब्रेक ओढला, दार उघडून खाली उतरलो. धैर्यशील माझ्या दाराशी येऊन पोचला होता. त्यानं हात पुढे केला.

मी त्याच्या बाजूनं गेलो, गाडीला वळसा घातला, संयोगिताचं दार उघडलं आणि चावी तिच्या हातात दिली.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणालो नाही. म्हणायला बरंच होतं, जोड चुकीचा होता, इंजिन असं आहे, टेम्पो मध्येच थांबला. पण मागे एसटीतल्या पन्नास माणसांनी खिडक्यांतून माना काढल्या होत्या आणि एवढ्यांसमोर मला व्याख्यान देववेना.

ती सरकून स्टिअरिंगमागे बसली. सीट पुढे ओढली. मग मागे वळून म्हणाली, “अण्णा, उतरा.”

“मी?”

“वजन हाय तुमचं. उतरा. आणि धैर्या, तू उभा काय राहिलास? मागनं हात लाव.”

“मी ढकलू?”

“माणसं सांगून ठेवतो म्हणालतास न्हवं? कुठायत माणसं?”

एसटीतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. अण्णा उतरले. धैर्यशीलनं बाह्या वर केल्या आणि डिकीला खांदा लावला. मी दुसऱ्या बाजूनं लावला. संयोगितानं इंजिन इतकं चढवलं की त्याचा सूरच बदलला, टेम्पोवाल्यानं मागे उडी मारली, आणि हॅंडब्रेक सुटल्याचा आवाज आला. गाडी क्षणभर जागेवरच घुमली. मग झोपेतून उठल्यासारखी उठली, बांबूंना घासून पुढे गेली, आणि सायलेन्सरमधला सगळा काळा धूर धैर्यशीलच्या पांढऱ्या शर्टावर टाकून वळणाआड दिसेनाशी झाली. थांबली नाही. तिथे थांबण्याइतकी ती खुळी नव्हती.

“थांबलीच न्हाई,” धैर्यशील म्हणाला. तो शर्टाकडे बघत बघत पुढे निघून गेला.

मागे अण्णा आणि मी. आम्ही चढ चालायला लागलो. एसटी आमच्या बाजूनं गेली तेव्हा खिडकीतून एका म्हाताऱ्यानं मला हात जोडले. कशासाठी ते कळलं नाही.

अण्णांनी एसटी वळणाआड जाऊ दिली. मग म्हणाले, “तुला भारी म्हंजे चांगला वाटला न्हवं?”

ते ‘तुला’ म्हणाले हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

“हो.”

“आनि हलका म्हंजे हलक्या मालाचा.”

“हो.”

“माझ्या दुकानात हलका माल आसतोय व्हय रं?”

“नाही.”

“मग?”

 मी विचारलं, “तुम्हाला कळलं होतं, तर मग बसवलात कशाला?”

“मला बी त्योच बसवायचा हुता.” ते दम खायला थांबले. खाली वाघबिळाकडे बघत उभे राहिले. “पोरगी पुण्याला जाणार ह्ये मला तू यायच्या आधीपासनं ठावं हाय. ती काय विचारून जाणाऱ्यातली न्हाई.”

“म्हणजे तिला जायला सोपं पडावं म्हणून भारी?”

“जायला कुठलाबी चालतोय. जाताना घाईच आसती. यायला लागतोय भारी. शनवारी दुपारी तिकडनं सुटलं, की जेवायच्या वक्ताला घरात. मधी इंजिन बोंबललं न्हाई पायजे.”

आम्ही पुन्हा चालायला लागलो. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, “आणि जोड कसा वाटला? आवाज करतोय का?”

“ओढताना लय,” अण्णा म्हणाले. “वाघबिळापासनं नुसती कटकट. कान किटलं माझं.”

“आणि सोडताना?”

त्यांनी मागे वळून, मी चावी दिली होती त्या जागेकडे बघितलं. टेम्पोचे बांबू अजून दिसत होते.

“सोडताना न्हाई केला. मी ध्यान देऊन हुतो. सोडताना गप ऱ्हायला.”

“मग बरंय ना?”

“बघू,” अण्णा म्हणाले.

वर नाक्याजवळ झुणका-भाकरीच्या एका छपरापाशी गाडी उभी होती. बॉनेट उघडं होतं. संयोगिता बाकावर बसून पाणी पीत होती. धैर्यशील आधीच ताटासमोर बसला होता. शर्टावर काळा नकाशा.

अण्णा बसले. घाम पुसला. भाकरी आली, ठेचा आला.   गाडी वर पोचली होती, पण मी ती आणली नव्हती, आणि ‘वर पोचलो की’ ह्यात नेमकं कोण धरायचं हे ठरलेलं नव्हतं.

“अण्णा,” शेवटी संयोगिताच म्हणाली. “काय ठरवलं?”

अण्णांनी ठेच्यात भाकरी बुडवली. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“जोड ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले.

मी सुटकेचा श्वास टाकला. निदान गाडीचा तरी निकाल लागला होता. आपणही समजूतदार काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, “हो. हायवेला बरा पडेल.”

संयोगितानं कपाळावर हात मारला.

“अण्णा,” ती म्हणाली, “अजून खोलता येतोय. हलका जोड घरातच हाय. बघा इचार करून.”

“न्हाई गं बाई,” धैर्यशील म्हणाला. त्यानं शर्टावरचं काळं झटकलं, ते आणखी पसरलं. मग ठेच्याची वाटी माझ्यापुढे सरकवली.

“खावा दाजी. भाकरी गार व्हालीया.”